धारवाडचा रस्ता आणि पुण्याची गाडी : बेळगाव सीमाभागातल्या व्यसनमुक्तीमागचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पट्ट्यात कुणी विचित्र वागायला लागलं की घरातली माणसं म्हणतात, ‘ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे.’ पुण्याकडं हेच वाक्य येरवड्याचं नाव घेऊन बोलतात आणि मुंबईकडं ठाण्याचं. मी बेळगावच्या वडगावात वाढलो. धारवाडचा पेढा मला फार नंतर कळला, त्याआधी धारवाड कळलं ते या वाक्यातून. अभ्यास न करणाऱ्या पोराला, रात्री बडबडणाऱ्या म्हातारीला, पगाराच्या दिवशी गटारात पडणाऱ्या मागवाल्या विणकराला, सगळ्यांना हीच एक धमकी होती.

धमकीमागं खरी इमारत होती. धारवाडचं वेड्यांचं इस्पितळ 1845 साली सुरू झालं. तेव्हा धारवाड आणि बेळगाव दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात होते आणि आजची राज्याची सीमा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. 1858 मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आला आणि 1912 मध्ये त्याच्या जागी नवा ‘ल्युनसी’ कायदा. दोन्हींचा रोख एकच, माणसाला समाजापासून बाजूला ठेवायचं. मॅजिस्ट्रेटचा हुकूम, पोलिसांची सोबत आणि उंच भिंत. 1886 पासून घाटाखाली रत्नागिरीलाही असंच इस्पितळ होतं, त्यामुळं चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या बाजूचे काही लोक तिकडं जात. बेळगावपासून धारवाड रस्त्यानं ऐंशीएक किलोमीटर, रेल्वेनं लोंढ्यावरून. पण एकदा तिकडं गेलेला माणूस घरच्यांच्या बोलण्यातून हळूहळू नाहीसा व्हायचा, ही आठवण आमच्या भागातल्या जुन्या घरांत अजून आहे. त्याच धारवाडच्या संस्थेचं आज ‘डिमहान्स’ नावाचं शिकवणारं, संशोधन करणारं रुग्णालय झालंय. तिथली बाह्यरुग्ण खिडकी सकाळपासून गजबजलेली असते. तरी धमकीतलं धारवाड अजून 1912 सालातलंच आहे.

या सगळ्यात दारूड्याला कुठंच जागा नव्हती. तो वेडा नव्हता म्हणून धारवाडला नको, आणि आजारीही नव्हता म्हणून सिव्हिल हॉस्पिटलला नको. ‘व्यसन’ या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ संकट, आपत्ती असा आहे. बोलीत मात्र तो खोड, वाईट चाल एवढाच उरला. खोड मोडायची असते, तिच्यावर कुणी औषध देत नाही. म्हणून मार, शपथ, नवस आणि शेवटी वाळीत टाकणं एवढेच उपाय शिल्लक राहिले.

एक उपाय मात्र याहून वेगळा होता आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. तो म्हणजे माळ. खानापूर, चंदगड, बेळगाव तालुक्यातली मराठी गावं वारकऱ्यांची आहेत. पिणाऱ्या माणसानं पंढरीला जाऊन तुळशीची माळ घातली की त्या दिवसापासून मांस आणि दारू बंद. हे नुसतं व्रत असतं तर चार दिवसांत मोडलं असतं. पण माळ घातलेला माणूस एकटा राहत नव्हता. संध्याकाळी देवळात भजन, पंधरा दिवसांनी एकादशी, वर्षाला दिंडी, गावात पारायणाचा सप्ताह. शेजारी बसून टाळ वाजवणाऱ्यांत दोघंतिघं तरी असे असत, की ज्यांनी स्वतः कधीकाळी घर धुळीला मिळवलेलं असायचं. संध्याकाळी सहा ते नऊ ही पिण्याची वेळ, नेमकी तीच भजनाची. माळ घातल्यावर गुत्त्याच्या दारात उभं राहिलं तर गुत्तेवालाच हटकायचा, ‘माळकरी हाईस की रे तू!’ आज व्यसनमुक्तीची शास्त्रशुद्ध पुस्तकं ज्या गोष्टी सांगतात, म्हणजे पिण्याची वेळ दुसऱ्या कामात घालवणं, आधीच्या पिणाऱ्याचा आधार, सगळ्यांसमोर दिलेला शब्द, नवी ओळख, त्या सगळ्या तिथं होत्या. नसलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. माळ तुटली तर परत येण्याची वाट फार अरुंद होती, कारण चूक ही पाप ठरायची. देवळात ज्यांना मोकळेपणानं बसता येत नव्हतं त्यांना हा आधार तेवढा मिळाला नाही. आणि ज्याला दारू बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी हात थरथरून झटका येतो, त्याला भजनानं काही होणार नव्हतं. अशी काही माणसं माळ घातल्यावर आठवड्यातच दगावली आणि गावानं त्याला देवाचा कोप म्हटलं.

दुसरीकडं दारूला विरोध हा राजकारणाचाही भाग होता. इंग्रजांच्या 1878 च्या आबकारी कायद्यानं गाळणं आणि विकणं सरकारी ठेक्यात बांधलं. सरकारला महसूल मिळू लागला, म्हणून दारूविरोध आपोआप सरकारविरोध झाला. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकमेव अधिवेशन. त्यांच्या विधायक कार्यक्रमात दारूबंदीला मानाची जागा होती आणि 1930 च्या चळवळीत दारूच्या दुकानांपुढं निरोधन, म्हणजे पिकेटिंग, करायचं काम त्यांनी मुद्दाम बायकांवर सोपवलं. हा वारसा मोठा आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्यात एक उणीव राहिली. दुकानाविरुद्ध लढण्यात सगळी ताकद गेली आणि पिणाऱ्या माणसाचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहिला.

1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 1950 पासून अख्खं मुंबई राज्य कोरडं झालं. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. आणि कणकुंबीपलीकडं, अनमोडपलीकडं पोर्तुगीजांचा गोवा, जिथं काजूची फेणी आणि परदेशी बाटल्या राजरोस मिळत. घाटातल्या पायवाटा तेव्हापासून दारूच्या वाटा झाल्या. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. साठच्या दशकाच्या अखेरीस म्हैसूर सरकारनं दारूबंदी उठवली. मग आली सारायी. परवान्याची, स्वस्त, पुढं पुढं तर प्लॅस्टिकच्या पाकिटात. दुधाच्या पिशवीसारखं पाकीट दातानं फोडून रस्त्यावरच तोंडाला लावायचं. आमच्या मागाच्या गल्ल्यांत शनिवारी संध्याकाळी अशा पाकिटांचा खच पडायचा. कर्नाटकानं 1 जुलै 2007 पासून सारायी बंद केली. त्या दिवशी बायकांनी गल्लीत साखर वाटल्याचं मला आठवतं. पण पिणारे थांबले नाहीत, ते स्वस्तातल्या व्हिस्की-रमच्या छोट्या बाटल्यांकडं आणि जंगलकाठच्या हातभट्टीकडं वळले. ज्या पुरवठ्यावर बंदी आली त्याच्यासोबत उपचारांची एखादी खाट वाढवावी, असा विचार मात्र तेव्हा कुठं दिसला नाही.

सीमेवर राहणं म्हणजे काय, हे या विषयात फार उघडं दिसतं. महाराष्ट्रात गावातल्या बायकांनी मतदान करून ‘बाटली आडवी’ करायची सोय आहे. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं निघालं की शिनोळीला चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र सुरू होतो. तिथल्या बाईला तो नियम लागू आहे. अलीकडच्या गावातल्या तिच्या सख्ख्या बहिणीला नाही. दोघींची भाषा एक, माहेर एक, कपाळावरची जखमही एकसारखी. गुटख्याचंही तेच. महाराष्ट्रानं जुलै 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, कर्नाटकानं मे 2013 च्या अखेरीस. मधले दहा महिने निपाणी-कागलच्या सीमेवर एका बाजूला गुन्हा आणि दुसऱ्या बाजूला धंदा होता. निपाणी तर तंबाखूचंच गाव. विड्या वळणाऱ्या बाया दिवसभर त्या धुळीत बसणार आणि दात दुखतात म्हणून मिश्री लावणार. तिथं तंबाखूला व्यसन म्हणायला तोंड उघडत नाही, कारण घरची चूल त्याच्यावर पेटते.

‘दारूडा हा आजारी माणूस आहे’ हे वाक्य आमच्याकडं बाहेरून आलं, हे कबूल करायला हवं. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन पिणारे भेटले, एक शेअरदलाल आणि एक सर्जन. एकमेकांशी बोलत बसल्यावर आपण त्या दिवसापुरतं न पिता राहू शकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली, आपल्याकडं सगळे तिला ‘एए’ म्हणतात. 1957 मध्ये ती भारतात आली. ना फी, ना रजिस्टर, ना आडनाव. सदस्यत्वाची एकच अट, दारू सोडायची इच्छा. बाहेरची देणगी घ्यायची नाही, खर्च आपापसांत वाटायचा. मुंबईच्या चर्चच्या खोल्यांतून ती हळूहळू महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या गावोगावी गेली. एएच्या सभेत ‘मी दारूडा’ असं स्वतः म्हणणारा माणूस पहिल्यांदा ऐकला की अंगावर काटा येतो. जी शिवी आयुष्यभर दुसऱ्यांनी दिली, ती तो स्वतःचं निदान म्हणून उच्चारतो. भजनी मंडळात बसून आलेल्या आमच्याकडच्या माणसांना ही सभा परकी वाटली नाही, असं माझं निरीक्षण आहे. फरक एकच होता. इथं घसरून परत आलेल्यासाठी खुर्ची मोकळी ठेवलेली असायची.

ऐंशीच्या दशकात संस्था उभ्या राहू लागल्या. मद्रासला 1980 मध्ये शांती रंगनाथन यांनी टीटीके हॉस्पिटलचं काम सुरू केलं, मुंबईत 1981 मध्ये फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन. त्या वेळी शहरांमध्ये ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, पसरत होती. 1985 मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. पुण्यात पत्रकार आणि डॉक्टर अनिल अवचट गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लिहीत होते आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. ते लिखाण वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढं केला आणि त्यांच्या देणगीतून 29 ऑगस्ट 1986 ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण सुरू झालं.

बेळगावकराला इथं थांबावंसं वाटतं. पुलंनी काही काळ आमच्या टिळकवाडीतल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवलं होतं. त्यांचं बेळगावशी असलेलं नातं सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते हसण्याच्या संदर्भात. त्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या जागी बेळगावची किती माणसं शुद्धीवर आली असतील, याचा विचार फारसा कुणी करत नाही.

मुक्तांगणचं वेगळेपण कशात होतं? पहिलं म्हणजे तिथं कुलूप हा उपचार नव्हता. आवार मनोरुग्णालयाचं, पण रीत घराची. सुरुवातीचे दिवस अंगातलं विष उतरवण्याचे, त्याला गर्दवाले ‘टर्की’ म्हणतात आणि दारूवाले ‘विथड्रॉल’. मग योगासनं, गटचर्चा, समुपदेशन, गाणी, श्रमदान, साधारण पाच आठवडे. दुसरं म्हणजे बरे झालेले रुग्णच तिथं कार्यकर्ते झाले. समोर बसलेला समुपदेशक ‘मलाही हात थरथरल्याशिवाय चहाचा कप धरता यायचा नाही’ असं सांगतो तेव्हा खोटं बोलायची सोय राहत नाही. तिसरी गोष्ट बायकोची. नवरा आत असताना तिनं काय ऐकलं, काय सोसलं, यासाठी वेगळा गट, ‘सहचरी’. आमच्याकडं दारूड्याच्या बायकोला आजवर सल्ले मिळत होते, कुणी तिची कहाणी बसून ऐकत नव्हतं. 1997 मध्ये डॉ. अनिता अवचट कर्करोगानं गेल्या, पुढं मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम हाती घेतलं. 2022 च्या जानेवारीत अनिल अवचटही गेले. काम थांबलं नाही.

साताऱ्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. म्हणजे नव्वदच्या दशकात बेळगावच्या मराठी कुटुंबापुढं दोन दिशा होत्या. दक्षिणेला धारवाड, ऐंशी किलोमीटर. उत्तरेला सातारा आणि पुणे, पुणं तर साडेतीनशेच्या आसपास. जवळचं सोडून लोक लांब जायचे. का जायचे हे मला माझ्या मामामुळं कळलं.

मामा वडगावात यंत्रमागावर होता. आठवड्याचा पगार शनिवारी, आणि सोमवारी सकाळी हात असे कापत की दोरा ओवता यायचा नाही. त्याला आधी एका ठिकाणी नेलं होतं. तिथं डॉक्टर चांगले होते, औषधही बरोबर होतं. पण मामाला मनातलं सांगायचं असायचं ते असं : ‘जीव गुदमरालाय’, ‘काळजात कालवालंय’, ‘मन लागंना झालंय’. कन्नड त्याला बाजारापुरतं येत होतं. सुताचा भाव, तिकिटाचे पैसे, ‘ऊट आयता’ म्हणजे जेवण झालं का, एवढं. बापानं लहानपणी मागाला बांधून मारलं होतं, हे सांगायचं कन्नड त्याच्याकडं नव्हतं. मध्ये दुभाषी म्हणून माझा आतेभाऊ बसायचा. नात्यातल्या पोरासमोर कोण हे बोलेल? मामा फक्त ‘झोप येत नाही’ म्हणायचा आणि झोपेची गोळी घेऊन यायचा. इथं कुणावर आरोप करायचा नाही. बेळगावातले बरेचसे डॉक्टर दोन्ही भाषा सफाईनं बोलतात, काही तर माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. पण मोडलेलं हाड दाखवून सांगता येतं आणि मनाच्या दुखण्याला शब्द लागतात. ते शब्द शाळेच्या, कचेरीच्या भाषेत सापडत नाहीत.

शेवटी रात्रीच्या गाडीनं त्याला पुण्याला नेलं. सीमाप्रश्नावर आमच्या घरात फार बोललं जायचं, महाजन आयोग, मोर्चे, काळा दिवस, सगळं. पण त्या रात्री सीमा ओलांडताना आईनं पदर तोंडाला लावला होता तो दुसऱ्याच कारणानं. पुण्याला गेल्यावर आणखी एक गंमत झाली, आता ती गंमत वाटते. मामाचं बेळगावी मराठी तिथल्यांना कळेना. ‘मी काल जेवलालो नव्हतो’, ‘तिकडं जालालो’, मध्येच कन्नड शब्द. गटात दोघंतिघं हसले. मामा उठून जाणार होता. समुपदेशक म्हणाले, तुम्ही तुमच्याच बोलीत बोला, आम्ही शिकू. पाच आठवड्यांनी परत आला तेव्हा तो आमच्याशी पुण्याच्या शब्दांत बोलू लागला होता, ‘शेअरिंग’, ‘फॉलोअप’, ‘रिलॅप्स’. आजी म्हणाली, पोरगा इंग्लिश शिकून आला.

खरी अडचण परत आल्यावर सुरू झाली. दर आठवड्याला साडेतीनशे किलोमीटर जाऊन फॉलोअप कसा करायचा? मागावर रोजंदारी होती. आठ महिन्यांनी एका लग्नात मामा घसरला. त्या काळात सीमाभागातले पुण्याहून, साताऱ्याहून उपचार घेऊन आलेले लोक एकमेकांना शोधायला लागले. कुणाच्या तरी पडवीत, शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत, जमेल तिथं. एएच्या सभांनी त्याला आकार दिला. मामाच्या सभेत कन्नड बोलणारे होते, उर्दू बोलणारे होते, कॅन्टोन्मेंटमधला एक निवृत्त सुभेदार होता, ज्याला मिलिटरी कॅन्टीनच्या रमनं धरलं होतं. आपापल्या भाषेत बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. शहरात भाषेवरून दगड पडत असतानाही तो वर्ग भरायचा. मला हे या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान वाटतं आणि त्याची कुठं नोंद नाही, कारण त्या सभेत नोंदच ठेवत नाहीत.

कन्नड बाजूनं झालेलं मोठं काम मराठी वाचकांना कमी माहीत असतं. धर्मस्थळाच्या डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांनी 1982 मध्ये ग्रामीण विकास योजना सुरू केली. तिच्या आधारानं ‘जनजागृती वेदिके’ उभी राहिली आणि ‘मद्यवर्जन शिबिरं’ गावोगावी भरू लागली. एखादा मंगल कार्यालयाचा हॉल घ्यायचा, आसपासच्या गावांतली पन्नास-साठ माणसं आठवडाभर तिथं ठेवायची, डॉक्टर, योग, भजन, समुपदेशन, आणि शेवटच्या दिवशी बायको-मुलांना बोलावून सगळ्यांसमोर संकल्प. नंतर दारू सोडलेल्यांची ‘नवजीवन समिती’, म्हणजे गावातच फॉलोअप. माझ्या मामाची अडचण होती ती नेमकी इथं सुटते. माणसाला शिबिराकडं नेण्याऐवजी शिबीर माणसाकडं आलं. बचत गटाची बाई नवऱ्याला हाताला धरून आणून बसवते, हे मी बघितलंय. आठवडाभराचा काळ जुन्या पिणाऱ्याला पुरतो का, हा प्रश्न मात्र माझ्या मनात राहतो.

दारू आणि मन या दोन गोष्टी आमच्याकडं बराच काळ वेगळ्या समजल्या गेल्या. पुरुषांचं दुःख बाटलीत गेलं, बायकांचं अंगात आलं, असं थोडं ढोबळपणे म्हणता येईल. सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का, लांब गाणगापूर. वर्षभर ज्या बाईला घरात आवाज नाही तिच्या अंगात देवी आली की सासरा तिच्या पाया पडतो. तेवढ्यापुरतं का होईना तिचं ऐकलं जातं. म्हणून मी त्या गर्दीकडं तुच्छतेनं बघू शकत नाही. पण केसांत जट झाली म्हणून पोरगी देवीला सोडली गेली, औषधानं सावरेल असा तरुण साखळीला बांधला गेला, हेही याच वाटेवर झालं. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकानं 1982 मध्ये कायदा केला. 2001 मध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळदंडानं बांधलेली 28 माणसं आगीत जळून मेली, तेव्हा साखळीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये झाला, 2018 च्या मे महिन्यात लागू झाला. त्यानं साखळी बंद केली, आत्महत्येच्या प्रयत्नाकडं गुन्हा म्हणून न बघता तीव्र तणावाचं लक्षण म्हणून बघायला सांगितलं, आणि दारू-अमली पदार्थांमुळं होणाऱ्या अवस्थांना मानसिक आजारांत धरलं. दारूड्याला कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत जागा मिळायला 1858 पासून एकशे एकोणसाठ वर्षं लागली.

सरकारी बाजू थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा. गावातल्या आरोग्य केंद्रातून मनाचे उपचार कसे द्यायचे, याचा प्रयोग बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं 1985 पासून कर्नाटकातल्याच बळ्ळारी जिल्ह्यात केला आणि त्याच नमुन्यावर 1996 मध्ये देशात जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. पुढं कर्नाटकानं ‘मनोचैतन्य’ योजनेत मंगळवारी तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ पाठवायला सुरुवात केली. 2022 च्या जागतिक मानसिक आरोग्य दिनापासून ‘टेली-मानस’चा 14416 हा मोफत क्रमांक आहे. आकडे तरी बोचतात. निम्हान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी 4.6 टक्के लोकांना दारूचा विकार आढळला आणि त्यातल्या दहापैकी आठाहून जास्त जणांना कसलाही उपचार मिळालेला नव्हता. बारा राज्यांच्या त्या पाहणीत कर्नाटकही नव्हतं आणि महाराष्ट्रही. 2019 च्या एम्सच्या अहवालानं सांगितलं, दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या 38 जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळतो.

उरलेले 37 कुठं जातात, हे ठाऊक असल्यामुळं गप्प बसवत नाही. चहातून गुपचूप द्यायची पुडी मिळते. त्यात कधी कधी डायसल्फिराम असतं, दारूसोबत पोटात गेलं की रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो असं औषध, जे रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायचं असतं. ‘व्यसनमुक्ती केंद्र’ अशी पाटी लावून माणसाला कोंडणारी आणि मारणारी घरंही आहेत. अशा एका ठिकाणाहून पाठीवर वळ घेऊन आलेला आमच्या गल्लीतला पोरगा नंतर कुठल्याच डॉक्टरकडं जायला तयार होईना. कायद्यानं अशा केंद्रांना नोंदणी आणि तपासणी लागते. भरती करण्याआधी नोंदणीचा कागद मागायचा आणि रुग्णाला कधीही भेटता येईल का, हे विचारायचं. नाही म्हणाले तर पेशंटला घेऊन परत फिरायचं.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत दारूची सगळी दुकानं एका रात्रीत बंद झाली आणि 4 मे ला उघडली. त्या चाळीस दिवसांत, दारू अचानक थांबली की काय होतं हे घराघरांनी बघितलं. झटके, भास, भिंतीवर किडे दिसणं, बायकोला न ओळखणं. पूर्वी याला बाहेरची बाधा म्हटलं असतं. या वेळी लोक फोन करून विचारत होते, ‘हे विथड्रॉल आहे का वो?’ हा शब्द वडगावच्या गल्लीत पोचायला पस्तीस वर्षं लागली. मामाचा फोन तेव्हा दिवसभर वाजायचा. त्याला दारू सोडून वीस वर्षं झाली होती. तो प्रत्येकाला एकच सांगायचा, आधी सिव्हिलला न्या, बाकी नंतर बोलू.

आता मामा थकलाय, पण शनिवारी सभेला जातो. अजूनही एखादं कुटुंब पुण्याला जायचं ठरवतं, तेव्हा तो रात्री बसस्टँडवर येतो. पेशंटशेजारी बाकावर बसतो, पिशवीत साखरेची पुडी आणि पाण्याची बाटली आहे ना बघतो, नवऱ्याला खिडकीकडं आणि बायकोला बाहेरच्या बाजूला बसवतो, आणि कंडक्टरला सांगतो की मधल्या थांब्यावर ह्याला एकट्याला उतरू देऊ नका.